कामगाराचा कामावरील पहिला तास : परभणी जिल्ह्यातील बांधकामांसाठी सुरक्षा व आरोग्य प्रशिक्षण

परभणी जिल्ह्यातील बांधकामे ढोबळमानाने तीन प्रकारांत मोडतात : शहरात व तालुक्याच्या गावांत उभी राहणारी घरे, दुकाने आणि लहान इमारती, खेड्यापाड्यांतील घरकुले, विहिरी, शौचालये व सेप्टिक टँक, आणि रस्ते, पूल, कालवे, रेल्वेमार्ग यांसारखी सार्वजनिक कामे. यांपैकी तिसऱ्या प्रकारात कंत्राटाच्या अटींमुळे सुरक्षा अधिकारी, नोंदवह्या आणि सूचनाफलक निदान कागदोपत्री तरी असतात. पहिल्या दोन प्रकारांत मात्र गवंडी, सेंट्रिंगवाले आणि बिगारी सकाळी मजूर नाक्यावरून किंवा मुकादमाच्या ओळखीने येतात आणि लगेच घमेले उचलतात. खड्डा कुठे झाकलेला आहे, विजेची तार कोठून गेली आहे, स्लॅबचा कोणता भाग कालच भरला आहे, हे त्यांना काम करता करता कळते, आणि काही वेळा ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. हा उशीर टाळण्यासाठी जे पहिल्या दिवशी, पहिल्या तासात सांगितले व शिकवले जाते, त्याला प्रवेश-प्रशिक्षण म्हणतात.

प्रवेश-प्रशिक्षण आणि कौशल्य-प्रशिक्षण यांत फरक आहे. कौशल्य-प्रशिक्षणात वीट कशी बसवावी, ओळंबा कसा धरावा हे शिकवले जाते. प्रवेश-प्रशिक्षणात या विशिष्ट जागेवर जीव कशाने जाऊ शकतो आणि तो कसा राखावा हे शिकवले जाते. त्यामुळे वीस वर्षे अनुभव असलेल्या मिस्त्रीलाही ते आवश्यक ठरते, कारण त्याला काम माहीत असले तरी ही जागा त्याच्यासाठी नवीनच असते. या लेखात कंत्राटदार, अभियंते, मुकादम आणि स्वतःचे घर बांधून घेणारे मालक यांच्यासाठी अशा प्रशिक्षणाची मांडणी केली आहे. तिचा आधार असा की, प्रशिक्षणातील धोके त्याच जागेवरचे असावेत, ते कामगार ज्याचे ऐकतो त्या मुकादमाने किंवा मिस्त्रीने सांगावेत, आणि ते समजल्याची खूण नोंदवहीतील सही नसून कामगाराने करून दाखवलेली कृती असावी.

कायद्याची चौकट

बांधकाम कामगारांच्या सुरक्षिततेसाठी देशात १९९६ साली इमारत व इतर बांधकाम कामगार कायदा झाला, आणि महाराष्ट्रात त्याखालील नियम २००७ साली आले. संसदेने २०२० साली संमत केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिने १९९६ च्या कायद्याची जागा घेतली आहे. तिच्याशी विसंगत नसलेले जुने नियम, नवे नियम येईपर्यंत, उपयोगात राहतात. या संहितेनुसार कामगारांना सुरक्षिततेची माहिती, सूचना, प्रशिक्षण व देखरेख पुरवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, आणि सुरक्षा व आरोग्यासाठी केलेल्या कोणत्याही गोष्टीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही. म्हणजेच हेल्मेटचे किंवा बुटांचे पैसे हजेरीतून कापणे बेकायदेशीर ठरते. अडीचशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद आहे.

या तरतुदींचा एक व्यावहारिक अर्थ लक्षात घ्यावा लागतो. दहा-बारा किंवा तीस-चाळीस कामगारांच्या कामावर सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती नसते, परंतु प्रशिक्षणाचे कर्तव्य तेथेही संपत नाही, आणि ते पार पाडणारी व्यक्ती त्या जागेवरूनच निवडावी लागते. ती व्यक्ती स्वाभाविकपणे मुकादम किंवा मोठा मिस्त्री असते. म्हणून कंत्राटदाराने प्रथम या एका माणसाला पूर्ण दिवस देऊन तयार करावे, कारण अभियंत्याने दिलेली सूचना मुकादमाने एका शब्दात उडवून लावली तर कामगार मुकादमाचेच ऐकतो. कोणाला उद्या कामावर बोलवायचे हे त्याच्याच हाती असते.

पहिल्या दिवशी काय सांगावे

पहिल्या दिवसाचे प्रशिक्षण एका तासात बसावे, ते काम सुरू होण्यापूर्वी व्हावे आणि हा तास हजेरीत धरावा. जो कामगार अंगावर काम घेऊन, म्हणजे मापावर मजुरी ठरवून आलेला असतो, त्याला बिनपगारी प्रशिक्षण हा स्वतःच्या खिशातून जाणारा खर्च वाटतो आणि तो कानाआड करतो. प्रशिक्षण खोलीत बसवून देण्यापेक्षा जागेवर फिरून द्यावे : प्रवेशद्वारापासून सुरुवात करून उघडे खड्डे, जिन्याची व लिफ्टची मोकळी पोकळी, स्लॅबच्या कडा, विजेचा मुख्य स्विच, पिण्याचे पाणी, शौचालय, प्रथमोपचार पेटी आणि संकटात सर्वांनी जमायची जागा या क्रमाने कामगाराला नेऊन प्रत्येक ठिकाणी दोन वाक्ये बोलावीत.

फेरी संपल्यावर कामगाराकडून पाच कृती करवून घ्याव्यात. त्याने हेल्मेट हनुवटीखालच्या पट्ट्यासह घालून दाखवावे. उंचीवर काम असेल तर सुरक्षा पट्टा, म्हणजे खांदे, छाती व मांड्या यांना धरणारा पूर्ण शरीराचा हार्नेस, चढवून त्याचा हुक योग्य जागी अडकवून दाखवावा. मुख्य स्विच स्वतः बंद करावा. जमायच्या जागेपर्यंत न विचारता चालत जावे. आणि १०८ या रुग्णवाहिका क्रमांकावर काय सांगायचे ते बोलून दाखवावे. शेवटची कृती सोपी वाटते, परंतु बाहेरगावाहून आलेल्या कामगाराला आपण कोणत्या गावात व कोणत्या रस्त्यावर काम करतो हे अनेकदा सांगता येत नाही. म्हणून गाव, तालुका, जवळची ठळक खूण आणि मुकादमाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला फलक स्विचबोर्डाजवळ लावावा. जो कामगार या पाच कृती करू शकत नाही त्याला दोष न देता त्या पुन्हा शिकवाव्यात आणि त्यानंतरच कामाला लावावे.

काळ्या मातीतील खोदाई

परभणीच्या शिवारात सर्वत्र आढळणारी काळी कसदार माती शेतीसाठी उत्तम असली तरी खोदाईसाठी फसवी आहे. तिच्यातील चिकणमातीची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात, म्हणून उन्हाळ्यात जमिनीला रुंद भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन लोण्यासारखी मऊ होते. उन्हाळ्यात खोदलेल्या चराच्या भिंती उभ्या, कडक व भक्कम दिसतात. परंतु पावसाची एक सर आली, शेजारून पाणी मुरले किंवा काठावर जेसीबी उभा राहिला की आधीच्या भेगेतून मातीचा अख्खा कडा सुटून खाली येतो. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते, त्यामुळे छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोके मोकळे असूनही श्वास घेऊ शकत नाही, ही गोष्ट प्रशिक्षणात स्पष्टपणे सांगावी.

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटातील सुरक्षा नियमांत दिलेली मापे लहान कामांवरही पाळता येण्याजोगी आहेत. चर दीड मीटर किंवा त्याहून खोल असेल तर त्याच्या बाजू पायऱ्यांसारख्या किंवा उतरत्या कापाव्यात, अथवा फळ्या व आडव्या टेकूंनी धरून ठेवाव्यात. खोदलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरापैकी जे जास्त असेल तितकी दूर टाकावी. चराची खोली १.२ मीटर झाली की प्रत्येक तीस मीटर लांबीमागे किमान एक शिडी असावी आणि तिचे टोक काठाच्या वर नव्वद सेंटिमीटर यावे. आणि खालून पोखरून वरची माती पाडण्याची पद्धत कधीही वापरू नये. कामगाराला मीटर सांगून उपयोग नसतो, म्हणून त्याच्याच शरीरावर माप दाखवावे : चर छातीच्या उंचीचा झाला की तो धोक्याचा झाला, असे समजून टेकू लागेपर्यंत आत उतरू नये.

दररोज सकाळी आणि प्रत्येक पावसानंतर मुकादमाने काठावर चालून चराला समांतर गेलेली नवी भेग आहे का, भिंतीतून मातीचे लहान खडे गळत आहेत का, तळाशी पाणी साचले आहे का, हे पाहावे आणि यांपैकी एकही खूण दिसली तर माणसे वर बोलवावीत. माणूस गाडला गेलाच तर जेसीबीने माती उपसू नये, कारण बकेटचा दात किंवा यंत्राचा भार त्याच्याच जिवावर येतो. आधी उरलेल्या कडा धराव्यात आणि मग हातांनी व लहान फावड्यांनी तोंड व छाती मोकळी करावी.

उंची, परांची आणि स्लॅब

परांची म्हणजे गवंड्याला उभे राहून काम करता यावे म्हणून बांबू, बल्ल्या किंवा लोखंडी नळ्यांवर फळ्या टाकून केलेला तात्पुरता मचाण. ती बांधणाऱ्यांना स्वतंत्र प्रशिक्षण द्यावे आणि त्यांनी बांधून तपासलेल्या परांचीच्या सुतळ्या, खिळे किंवा फळ्या दुसऱ्या कोणत्याही कामगाराने काढून नेऊ नयेत, हा नियम सर्वांना सांगावा. फळ्या दोन्ही बाजूंना टेकलेल्या व बांधलेल्या असाव्यात, मोकळ्या कडेला कमरेएवढा कठडा असावा, आणि शिडीचा पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश अंतरावर ठेवावा. जिन्याची, लिफ्टची व पाइपांची पोकळी नुसत्या प्लायने झाकू नये. झाकण खिळवून त्यावर रंगाने खूण करावी, कारण सुटे प्लाय उचलताना कामगार स्वतःच त्या पोकळीत पडतो.

सुरक्षा पट्टा वापरण्याची शिकवण प्रत्यक्ष दाखवून द्यावी. हुक शक्यतो खांद्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर अडकवावा आणि तो परांचीच्या बांबूत न अडकवता इमारतीच्या पक्क्या भागाला बांधलेल्या स्वतंत्र दोरात अडकवावा, कारण परांची पडली तर पट्टाही तिच्याबरोबर जातो. एकदा पडणाऱ्या माणसाचा भार झेललेला पट्टा चांगला दिसत असला तरी पुन्हा वापरू नये, आणि पट्ट्यावर लटकलेल्या माणसाला काही मिनिटांतच खाली घेता येईल अशी व्यवस्था आधीच ठरवून ठेवावी, कारण मांड्यांवरील दाबामुळे रक्ताभिसरण अडून तो बेशुद्ध पडू शकतो.

सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब घट्ट होईपर्यंत त्याला धरणारा फळ्या-टेकूंचा साचा, कधी काढावा हे घाईने ठरवले जाते, विशेषतः तेच सामान दुसऱ्या कामावर न्यायचे असते तेव्हा. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार, साधे पोर्टलंड सिमेंट असताना आणि तापमान १५ अंशांच्या वर असताना, साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस व त्याहून मोठ्या गाळ्यात १४ दिवस ठेवावेत, सहा मीटरपर्यंतच्या तुळईखाली १४ आणि त्याहून लांब तुळईखाली २१ दिवस ठेवावेत. हे दिवस खडूने त्याच खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवले, म्हणजे स्लॅब भरल्याची तारीख आणि टेकू काढण्याची तारीख एकाखाली एक मांडली, तर सेंट्रिंगवाल्याला कोणाला विचारावे लागत नाही आणि कोणी त्याला तारखेआधी टेकू काढायलाही लावू शकत नाही.

टाकी, विहीर आणि न दिसणारा वायू

मे २०२३ मध्ये सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा शिवारात सेप्टिक टँकची सफाई करताना पाच मजुरांचा विषारी वायूने गुदमरून मृत्यू झाला. ही घटना सफाईच्या कामातली असली तरी तिचा धडा बांधकामालाही तितकाच लागू पडतो, कारण टाकीत उतरण्याची वेळ गवंडी व सेंट्रिंगवाल्यांवर नेहमी येते. मानवी हातांनी सेप्टिक टँक साफ करवून घेणे २०१३ च्या कायद्याने निषिद्ध आहे, म्हणून जुनी टाकी दुरुस्त करावयाची असेल तर ती आधी यंत्राने उपसून घ्यावी, असे मालकाला सुरुवातीसच सांगावे.

नव्या टाकीचा धोका अधिक फसवा असतो. टाकी अजून वापरात आलेली नसते, तिच्यात घाण नसते, म्हणून ती निर्धोक समजली जाते. परंतु स्लॅब टाकल्यावर आत साचलेले पाणी, ओल्या फळ्या आणि पालापाचोळा कुजू लागला की बंद जागेतील प्राणवायू कमी होतो, आणि काही दिवसांनी लहान झाकणातून सेंट्रिंग काढायला उतरलेला माणूस शिडीच्या शेवटच्या पायरीवरच कोसळतो. त्याला काय झाले हे वर उभ्या असलेल्यांना कळत नाही, म्हणून भाऊ, मेव्हणा किंवा जोडीदार पाठोपाठ उतरतो. अशा दुर्घटनांतील मृतांमध्ये वाचवायला उतरलेल्यांचा वाटा म्हणूनच मोठा असतो.

अशा जागांना बंदिस्त जागा म्हणतात : जिथे आत-बाहेर करण्याची वाट अरुंद आहे आणि हवा खेळती नाही, ती प्रत्येक जागा, मग ती टाकी असो, खोल विहीर असो की मोठी नळी असो. तिच्यासाठी चार नियम पाठ करून घ्यावेत. झाकणे उघडून पंख्याने किंवा ब्लोअरने आत पुरेसा वेळ हवा मारल्याशिवाय उतरू नये. वायुमापक यंत्राने प्राणवायूचे प्रमाण किमान १९.५ टक्के असल्याचे आणि विषारी वायू नसल्याचे पाहिल्याशिवाय उतरू नये. उतरणाऱ्याच्या अंगावर हार्नेस व दोर असावा आणि दोराचे टोक धरणारा माणूस वर हजर असावा. आणि आतला माणूस कोसळला तर कोणीही खाली न उतरता त्याला दोरानेच वर ओढावे व १०८ ला कळवावे. विहिरीत कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी रीत भरवशाची नाही, कारण तिने सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड कळत नाही आणि ज्वलनशील वायू असेल तर ज्योतच स्फोटाला कारण होते. वासावरही विसंबू नये, कारण हा वायू जास्त प्रमाणात असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो.

तारेतील वीज आणि आभाळातील वीज

कटर, व्हायब्रेटर, मोटार आणि मिक्सर यांच्या वायरी ओल्या जमिनीवरून जातात आणि प्लग नसेल तर उघड्या तारा सॉकेटमध्ये काड्या खोचून बसवल्या जातात. प्रशिक्षणात ही पद्धत दाखवूनच बंद करावी : उघडी तार खोचलेले यंत्र दिसले की कोणत्याही कामगाराने मुख्य स्विच बंद करावा, आणि तसे केल्याबद्दल त्याला कोणी बोलू नये. तात्पुरत्या जोडणीवर ३० मिलिअँपिअर क्षमतेचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच क्षणार्धात वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावा आणि आठवड्यातून एकदा त्याचे चाचणीचे बटण दाबून पाहावे. घराच्या गच्चीजवळून महावितरणची ११ केव्हीची लाइन जात असेल तर सळया, शिड्या आणि ओले बांबू उभे करून नेऊ नयेत, आणि शक्य असेल तर महावितरणकडे अर्ज करून लाइन हलवण्याची किंवा काही वेळ बंद ठेवण्याची विनंती करावी.

मराठवाड्यात उन्हाळ्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात विजा कोसळतात, आणि गच्चीवर सळई बांधणारा कामगार त्या वेळी परिसरातील सर्वांत उंच जागी, धातूच्या मधोमध उभा असतो. ढगांचा गडगडाट ऐकू आला की गच्ची, परांची व झाड सोडून पक्क्या छपराखाली यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप आसपासच्या विजांची सूचना देते, ते मुकादमाच्या मोबाइलवर असावे.

उन्हाचा हिशेब

मे महिन्यात परभणीचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि याच काळात ऊसतोडीचा हंगाम आटोपून परतलेले अनेक मजूर बांधकामाकडे वळतात, कारण पावसाळ्यापूर्वी स्लॅब टाकण्याची सगळ्यांनाच घाई असते. शरीराला उष्णतेची सवय होण्यास काही दिवस लागतात. म्हणून अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार नवख्या कामगाराला पहिल्या दिवशी उन्हातल्या कामाच्या फक्त २० टक्के वेळ काम द्यावे आणि मग दररोज २० टक्क्यांनी वाढवावे. जुन्या पण खंडानंतर परतलेल्या कामगाराला पहिल्या दिवशी ५०, मग ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम द्यावे. बाकीचा वेळ त्याला सावलीतील काम देता येते, त्यामुळे हजेरी बुडत नाही. दुपारी बारा ते चार उन्हातील जड काम टाळून पहाटे लवकर सुरुवात करावी, आणि तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पिण्याची सवय लावावी.

उष्माघात म्हणजे शरीराचे तापमान नियंत्रण सुटून ते ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे. त्याची ओळख घामाने होत नाही, तर वागण्याने होते : माणूस असंबद्ध बोलू लागतो, तोल जातो, चिडतो किंवा प्रश्नाला उत्तर देत नाही. असे दिसताच त्याला सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगभर पाणी ओतून वारा घालावा, काखेत व मानेवर ओली फडकी ठेवावीत आणि १०८ ला बोलवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत गार करणे थांबवू नये, कारण परिणाम बहुतांशी पहिल्या अर्ध्या तासावर अवलंबून असतो.

सिमेंट, धूळ आणि ओझे

अपघात लगेच दिसतो, तर आजार उशिरा दिसतो, म्हणून आरोग्याचा भाग प्रशिक्षणातून हमखास गळतो. ओले सिमेंट तीव्र अल्कधर्मी असते. स्लॅब भरताना ते चपलेत किंवा बुटात शिरले तर दुखण्याआधीच कातडी भाजते, म्हणून गमबूट घालावेत, आणि सिमेंट लागलेला भाग लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा. फरशी व दगड कापताना उडणाऱ्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साठून सिलिकोसिस हा आजार होतो, जो बरा करणारा उपचार नाही. तोंडाला बांधलेला रुमाल ही बारीक धूळ अडवत नाही. पाणी सोडत कापणे आणि योग्य प्रतीचा धूळरोधक मास्क हाच उपाय आहे.

बांधकाम कामगारांसाठीच्या केंद्रीय नियमांत एका माणसाने उचलावयाच्या वजनाची मर्यादा प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो आणि प्रौढ स्त्रीसाठी ३० किलो अशी ठरलेली होती, आणि सिमेंटची गोणी ५० किलोची असते. म्हणून स्त्री कामगाराच्या डोक्यावर पूर्ण गोणी देऊ नये. मिक्सरजवळ काम करणाऱ्या स्त्रियांनी पदर खोचून वर शर्ट घालावा, आणि तान्ह्या मुलाची झोळी परांचीखाली किंवा खांबाला न बांधता कामापासून दूर सावलीत बांधण्याची जागा कंत्राटदाराने नेमून द्यावी. कामगारांच्या झोपड्याही उंच भिंतीच्या पायथ्याशी किंवा खोदाईच्या काठावर उभारू नयेत. २९ जून २०१९ रोजी पुण्यातील कोंढवा येथे एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या बांधकाम मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा जीव गेला. कामाच्या वेळेबाहेरची सुरक्षितताही प्रशिक्षणात आणि जागेच्या आखणीत का असावी लागते, हे त्यावरून स्पष्ट होते.

शिकवण्याची रीत

एकाच कामावर मराठी, उर्दू-हिंदी आणि गोरमाटी बोलणारे कामगार असू शकतात, आणि फरशी किंवा सळईच्या कामासाठी परराज्यातील टोळीही आलेली असते. म्हणून प्रत्येक टोळीतून एक दुभाष्या निवडावा, पण समजले का असे त्याला विचारू नये. प्रत्येक कामगाराकडून कृती करवून घ्यावी, कारण ‘समजले का’ या प्रश्नाला सगळेच मान हलवतात. फलकांवर मजकुरापेक्षा चित्र मोठे असावे.

पहिल्या तासानंतरचे शिक्षण रोजच्या पाच-दहा मिनिटांच्या बोलण्याने चालू ठेवावे, ज्याला बांधकाम क्षेत्रात ‘टूलबॉक्स टॉक’ म्हणतात : काम सुरू होण्यापूर्वी सर्वांना गोळा करून आज कोणते काम आहे, त्यात एक मोठा धोका कोणता आणि तो कसा टाळायचा, एवढेच बोलावे. एका दिवशी एकच विषय घ्यावा आणि शेवटी काल कुठे थोडक्यात वाचलो, असे कामगारांनाच विचारावे. जे थोडक्यात टळले ते उघड बोलण्याची सवय लागली की पुढचा अपघात आधीच दिसतो. कामाचा टप्पा बदलला, म्हणजे पायाचे काम संपून स्लॅब सुरू झाला किंवा नवे यंत्र आले, की त्या टोळीला पुन्हा शिकवावे, आणि अपघातानंतर व लांब सुट्टीनंतरही तसेच करावे.

धोका दिसल्यास तो मालकाच्या नजरेस आणण्याचा हक्क कामगाराला संहितेने दिला आहे, परंतु नाक्यावरून आलेल्या मजुराला ‘इथे उतरणार नाही’ म्हटल्यास उद्याचे काम जाण्याची भीती असते. ही भीती फलकाने जात नाही. कंत्राटदाराने मुकादमाच्या समोर आणि सर्वांदेखत सांगावे की धोक्यामुळे काम थांबवणाऱ्याची त्या दिवसाची हजेरी कापली जाणार नाही, आणि पहिल्यांदा कोणी थांबवले तेव्हा ते पाळून दाखवावे.

नोंदी आणि नोंदणी

प्रशिक्षणाच्या नोंदवहीत तारीख, कामगाराचे नाव, वय, काम, शिकवलेले विषय, करवून घेतलेल्या कृती आणि शिकवणाऱ्याचे नाव असावे. ज्या अपघातात मृत्यू होतो किंवा कामगार ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ काम करू शकत नाही, त्याची सूचना संबंधित अधिकाऱ्याला द्यावी लागते. अपघात लपवला तर भरपाईचा दावा आणि पुढचा धडा दोन्ही हातचे जातात.

याच वेळी कामगाराची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे झाली आहे का, हे पाहावे. मंडळाचा निधी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून, म्हणजे या कारणासाठीच बसवलेल्या जादा करातून, जमा होतो. १८ ते ६० वर्षे वयाचा आणि मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकाम केलेला कामगार नोंदणीस पात्र असतो. नोंदणीकृत कामगारांना मंडळातर्फे सुरक्षा संचही दिला जातो. ९० दिवसांचा दाखला वेळेवर देणे हे कंत्राटदाराच्या हातचे काम आहे, आणि तो न मिळाल्याने नाक्यावरचा मजूर सगळ्या लाभांना मुकतो. मंडळाचा संच मिळाला म्हणून जागेवर साधने पुरवण्याची कंत्राटदाराची जबाबदारी संपत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

लहान कंत्राटदाराला हे सर्व एकाच दिवशी उभे करता येणार नाही, परंतु क्रम ठरवता येतो. पहिल्या आठवड्यात मुकादमाला तयार करावे, पत्त्याचा फलक लावावा आणि आरसीसीबी बसवावा. दुसऱ्या आठवड्यापासून प्रत्येक नव्या कामगाराची जागेवरील फेरी व पाच कृती सुरू कराव्यात. आणि पुढे खोदाई, स्लॅब व टाकी यांपैकी जे काम येईल त्याचे प्रशिक्षण त्या कामाच्या आदल्या दिवशी द्यावे. घर बांधून घेणाऱ्या मालकानेही दर ठरवतानाच या तासांची मजुरी आणि साधनांचा खर्च धरला आहे का, हे कंत्राटदाराला विचारावे, कारण जो खर्च दरात धरलेला नसतो तो काम चालू असताना कोणीही करत नाही.